झीलकऱ्यांच्या ओळीतला शाहीर



विषय कळवला त्या संध्याकाळी चिटणीसांचा फोन आला. "डेट्रॉइटचा गवई? आपल्या व्याख्यानमालेत?" आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. खुर्च्या भरतील का, एवढीच. मी म्हणालो, ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते गुरुजी जन्मभर पेटीच्या साथीला बसले. पत्रिकेत त्यांचं नाव शेवटच्या ओळीत, तबलजीच्याही खाली, बारीक टायपात. त्यांना हा माणूस आवडला असता. पलीकडे क्षणभर शांतता. मग चिटणीस म्हणाले, "बरं. पण चहा साडेसातला आहे."

तेव्हा साडेसातच्या आत लीव्हाय स्टब्ज.

माझा आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर रत्नागिरीला आला की त्याच्या बॅगेतून साबण निघत, दाढीची ब्लेडं निघत आणि चार-दोन कॅसेटी निघत. एका कॅसेटवर बॉलपेनानं 'मोटाउन' एवढंच लिहिलेलं होतं. इंग्रजी गाण्याचे शब्द तेव्हा मला कळत नसत; खरं सांगायचं तर अजूनही अर्धेच कळतात. त्या कॅसेटवर सात-आठ गाणी झाल्यावर एक आवाज आला. बाकीचे गात होते, हा दार ठोठावत होता. आजी माजघरात तांदूळ निवडत बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "कोण रे हा? ह्याचं काही हरवलंय का?"

त्यानंतर या आवाजावर मी पुष्कळ वाचलं. आजीइतकं नेमकं कुणी बोललेलं मला आढळलं नाही.

आता थोडी ओळख करून द्यायला हवी. सोल म्हणजे आत्मा, म्हणून सोल संगीत म्हणजे आत्म्याचं संगीत, अशा भाषांतराच्या नादाला लागू नका. हाती काही लागत नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गाणं असं चालतं: पुढचा एक जण ओळ टाकतो, समाज ती उचलतो, तो पुन्हा चढवतो, समाज पुन्हा उचलतो, आणि असं करता करता माणसं उभी राहतात, रडतात, नाचतात. १९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्यांनी ती सगळी आग उचलून प्रेमाच्या गाण्यात आणली. आपल्याकडे अभंगातली आर्तता जशीच्या तशी बैठकीच्या लावणीत नेऊन ठेवावी, तसं काहीसं. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना अर्थातच ते रुचलं नाही.

या गाण्यात एकाच्या मागे तिघं-चौघं असतात. इंग्रजीत त्यांना काय म्हणतात ते सोडा, आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: झील. शाहीर डफावर थाप मारून पोवाड्याचा चौक उचलतो आणि झीलकरी शेवटचा सूर पकडून ठेवतात. ती झील म्हणजे सजावट नव्हे. शाहिराला दम घ्यायला जागा तिथेच मिळते. झील तुटली की शाहीर उघडा पडतो. हे ज्यानं एकदा पाहिलंय त्याला लीव्हायची चौकडी, म्हणजे फोर टॉप्स, समजायला दुसरी कुठलीही शिकवणी लागत नाही.

लीव्हायचा जन्म ६ जून १९३६ चा, डेट्रॉइटमधला. आडनाव स्टबल्स, गाण्यासाठी त्याचं स्टब्ज झालं. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून काळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या कारखान्यांकडे येत राहिली. कोकणातला माणूस गिरणगावात आला तो भजन बरोबर घेऊन आला ना? हीही माणसं चर्चचं गाणं घेऊन आली. लीव्हायचा धाकटा भाऊ जो, तोही पुढे गायक झाला.

पर्शिंग हायस्कूलमध्ये लीव्हायची एका मुलाशी गट्टी जमली. त्याचं नाव अब्दुल फकीर. नाव ऐकून तुमच्यातल्या काहींनी मान वर केली, ते दिसलं मला. फकीरचे वडील आजच्या बांगलादेशातले, म्हणजे तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातले. डेट्रॉइटला येऊन कारखान्यात लागले. आई चर्चच्या संगीतात वाढलेली. सगळे त्याला ड्यूक म्हणत. या चौकडीतला उंच सूर त्याचा. अमेरिकन सोलच्या सर्वांत गाजलेल्या रेकॉर्डींपैकी काहींत सगळ्यात वरचा पुरुषी स्वर एका बंगाली कामगाराच्या मुलाचा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. मला तरी कुठे होतं!

दुसऱ्या शाळेतले दोघं, रेनाल्डो 'ओबी' बेन्सन आणि लॉरेन्स पेटन, या जोडीला येऊन मिळाले १९५३-५४ च्या सुमारास. निमित्त एका घरगुती पार्टीचं. लीव्हायनं एक गाणं उचललं आणि बाकीच्या तिघांनी कुणी काही न सांगता आपापला सूर धरला. हे चौघंही पुढे तसंच सांगत आले. दंतकथा म्हणून मी सहसा अशा गोष्टींना चार हात लांब ठेवतो, पण ही खरी वाटते, कारण त्यानंतर ते चौघं एकमेकांना सोडून गेलेच नाहीत. त्या पार्टीपासून १९९७ पर्यंत, तब्बल चार दशकांहून अधिक काळ, माणसं तीच. एक बदलला नाही, एक रुसून गेला नाही. आपल्याकडे भजनी मंडळं एका गणपतीत फुटतात.

सुरुवातीचं नाव होतं फोर एम्स. १९५६ मध्ये चेस कंपनीशी करार झाला तेव्हा एम्स ब्रदर्स नावाच्या दुसऱ्या मंडळींशी घोटाळा नको म्हणून ते फोर टॉप्स झाले. नाव बदललं, नशीब नाही. चेस, रेड टॉप, रिव्हरसाइड, कोलंबिया: चार कंपन्या झाल्या, एकही रेकॉर्ड चालली नाही. दहा वर्षं. या दहा वर्षांवरून चरित्रकार भरभर पुढे जातात. माझ्या मते लीव्हाय घडला तो इथे. लोक जेवताहेत, काटे-चमचे वाजताहेत, कुणी वेटरला हाक मारतंय, अशा क्लबांमधून हे चौघं गात होते. लास व्हेगासच्या हॉटेलांत गायले, बिली एकस्टाइनसारख्या बड्या गायकाबरोबर फिरले. गात काय होते? जॅझ वळणाची जुनी गाणी, चार सुरांची दाट वीण घालून. ती वीण बसवायचा पेटन. लीव्हाय पुढे उभा असायचा, पण गाणं कुठून कुठे जाणार हे ठरवायचा मागे उभा असलेला पेटन. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६३ मध्ये ते मोटाउनकडे आले. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी काही काळ लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर कामाला होता. १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्यानं रेकॉर्डची कंपनी काढली आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक दुमजली घर घेतलं. सांगाडा येतो, त्यावर इंजिन बसतं, दारं लागतात, रंग चढतो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते, तसं गाणं बाहेर पडलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, पावलं शिकवणारे वेगळे, आणि शेवटी बैठक भरवून रेकॉर्ड पास की नापास ते ठरवायचं.

ते घर मी पाहिलं आहे. भाची मिशिगनमध्ये असते, मोटारींच्याच धंद्यात. आपली मराठी मंडळी तिकडे त्या धंद्यात पुष्कळ आहेत. आता तिथे संग्रहालय आहे. बाहेरून पाहिलं तर मध्यमवर्गी बंगला, आणि वर पाटी: हिट्सव्हिल यू.एस.ए. आत तळाशी मागच्या बाजूला स्टुडिओ. छतावरून केबली लोंबत, म्हणून वाजवणारे त्याला सापाचं बीळ म्हणत. मला वाटलं होतं भव्य काहीतरी असेल. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीपेक्षा फार मोठा नाही. मार्गदर्शक मुलीनं वर नेऊन छताला पाडलेलं एक भोक दाखवलं. खाली उभं राहून टाळी वाजवली की माळ्यावरच्या पोकळीतून आवाज घुमून परत येतो. घुमारा आणायची त्यांची युक्ती ती. टाळी मीही वाजवली. पण मला अजून आठवते ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली जमीन. यंत्रासमोर जिथे पाय टेकायचे तिथे फरशी झिजून खाली गेली आहे. बसून बसून, ताल धरून धरून. आमच्या घरच्या जात्याखालची जमीन अशीच झिजली होती.

त्या खोलीत लीव्हाय पहिल्यांदा आला, आणि काही महिने त्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. जॅझची एक अख्खी रेकॉर्ड करून घेतली आणि कपाटात ठेवली. ती बाहेर आली १९९९ मध्ये. मग १९६४ मध्ये लॅमंट डोझिअर आणि ब्रायन व एडी हे हॉलंड बंधू या त्रिकुटाकडे एक तयार वाद्यसंगीत पडून होतं, त्यावर शब्द बसले, आणि मध्यरात्र उलटल्यावर चौघांना बोलावलं गेलं. त्या रात्री जे गाणं झालं ते अमेरिकेच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं. दहा वर्षांनी.

आता पट्टीचं सांगतो. गाण्यातल्या लोकांना हे पटकन कळेल, बाकीच्यांनी जरा दम धरावा. लीव्हायचा आवाज मुळात भारदस्त, रुंद, खालच्या अंगाचा. त्याला आरामात गायचं तर पट्टी खाली हवी. हॉलंड, डोझिअर आणि हॉलंड यांनी मुद्दाम ती चढवली. आपला कुणी काळी एकचा गायक असावा आणि पेटीवाल्यानं त्याला काळी तीनमध्ये उभं करावं. वर पोचायला त्याला ओढाताण करावी लागते, आवाज कडेला जाऊन चरचरतो, शब्द सुरात न बसता सुरावर आदळतात. गाण्यातला माणूस विनवणी करत असेल तर ती विनवणी नुसती शब्दांत राहत नाही, गळ्यात येते. आजीला हरवल्यासारखं ऐकू आलं ते हेच. त्याचा सूर हरवला नव्हता, त्याची सोय काढून घेतली होती.

हे काही लीव्हायला फार सुखाचं नव्हतं. १९६५ मधलं 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' घ्या. गाऊन झालं, याला पटलं नाही. पुन्हा घेऊ, म्हणाला. ब्रायन हॉलंड म्हणाला, अवश्य, उद्या घेऊ. ते उद्या कधी आलंच नाही. तोच नमुना बाजारात गेला आणि अमेरिकेत पहिला आला. कोलंबियानं मग त्यांची जुनी न चाललेली रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणायचं ठरवलं, तर मोटाउननं एका दिवसात नवं गाणं लिहून, गाऊन, छापून मोकळं केलं. त्याचं नावच 'तेच जुनं गाणं' अशा अर्थाचं, आणि चाल खरंच आधीच्या गाण्याच्या सख्ख्या बहिणीसारखी. असा विनोद करायला धाडस लागतं, आणि तो खपायला लीव्हायसारखा आवाज. तेही पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं.

आणि मग १९६६. 'रीच आउट आय विल बी देअर'. सुरुवातीला बासरीसारखी बारीक वाद्यं, खाली घोड्याच्या टापा, जेम्स जेमरसनचं बेस गिटार पळतंय, आणि लीव्हाय ओळी गात नाही, फेकतो. डोझिअरनं पुढे सांगितलं आहे की बॉब डिलनच्या बोलल्यासारख्या गाण्याचा नमुना त्यांच्या डोक्यात होता. चौघांना वाटलं हा काहीतरी प्रयोग चालला आहे. बाहेर काढू नका म्हणून त्यांनी गॉर्डीला गळ घातली. गॉर्डीनं ऐकलं नाही. ऑक्टोबरमध्ये ते गाणं अमेरिकेत पहिलं होतं आणि त्याच महिन्यात ब्रिटनमध्येही. नोव्हेंबरात बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यानं त्यांना लंडनला सॅव्हिल थिएटरात आणून उभं केलं. स्वतःच्या उत्तम कामाची पारख कलावंताला असतेच असं नाही, एवढंच मी यातून घेतो. जास्त काही घेऊ नये.

यानंतर जे झालं त्यासाठी मी हा विषय घेतला.

मोटाउनमध्ये त्या दोन-तीन वर्षांत एक वारं शिरलं. गाणाऱ्या चमूत पुढे उभ्या असलेल्याचं नाव वेगळं काढायचं. मिरॅकल्सचे 'स्मोकी रॉबिन्सन अँड द मिरॅकल्स' झाले. १९६७ मध्ये सुप्रीम्सच्या आधी डायना रॉस आली, व्हँडेलाजच्या आधी मार्था रीव्हज आली. धंद्याचा हिशेब साधा होता: एका नावाऐवजी दोन नावं विकता येतात, आणि उद्या पुढचा माणूस वेगळा काढता येतो. त्याची किंमत दुसरीकडे मोजली गेली. सुप्रीम्सची मूळ गायिका फ्लॉरेन्स बॅलार्ड १९६७ मध्येच बाहेर पडली, किंवा पाडली गेली, आणि १९७६ मध्ये वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेली. टेम्प्टेशन्सच्या डेव्हिड रफिनला आपलंही नाव तसंच पुढे हवं होतं. १९६८ मध्ये त्याच्याच साथीदारांनी त्याला काढलं. तोही ५० व्या वर्षी, अमली पदार्थांपायी गेला.

लीव्हायच्या दारातही हे वारं येऊन उभं राहिलं. येणारच होतं, चौघांत आवाज त्याचाच ऐकू येत होता. ड्यूक फकीर शेवटपर्यंत मुलाखतींतून सांगत राहिला की एकट्यानं गाण्याच्या मागण्या लीव्हायकडे कितीदा आल्या आणि त्यानं त्या कशा परत पाठवल्या. बिली हॉलिडेवरच्या सिनेमात डायना रॉससमोर काम करायला त्याला विचारलं होतं आणि तेही त्यानं चौघांपायी सोडलं, असंही सांगतात. रेकॉर्डवर शेवटपर्यंत फोर टॉप्स एवढंच छापलं गेलं. हे का, यावर त्यानं भाषणं केली नाहीत. बायको क्लिनीसशी १९६० मध्ये लग्न केलं ते मरेपर्यंत टिकलं, पाच मुलं, गाव डेट्रॉइट. १९७२ मध्ये मोटाउननं बोऱ्याबिस्तर गुंडाळून लॉस एंजेलिस गाठलं तेव्हा या मंडळींनी कंपनी सोडली, गाव सोडलं नाही. काही माणसं एकदा बसली की जागा बदलत नाहीत, एवढंही कारण पुरतं. प्रत्येक गोष्टीत त्याग शोधायची आपल्याला सवय आहे.

चौघांच्या एकोप्याची ही गोष्ट म्हणजे गोड पदार्थ, आणि त्यात मला दोन खडे लागतात. ते दाखवल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसणार नाही.

पहिला खडा म्हणजे ओबी बेन्सनचं गाणं. मे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला पीपल्स पार्क नावाच्या जागेवरून पोलीस आणि तरुण मुलं यांच्यात धुमश्चक्री झाली. चौघं दौऱ्यावर तिथेच होते. पोरांना का मारताहेत, हे काय चाललंय, हा प्रश्न बेन्सनच्या डोक्यातून जाईना. त्याचं गाणं बनायला लागलं. गीतकार अल क्लीव्हलँडनं ते पुढे नेलं. बेन्सननं ते आपल्या चौघांपुढे ठेवलं, आणि बाकीचे म्हणाले, नको, हे निषेधाचं गाणं आहे. चौघांचं राज्य होतं, बहुमत झालं, विषय संपला. बेन्सन ते घेऊन गायक मार्विन गेकडे गेला. मार्विननं त्यात भर घातली आणि जानेवारी १९७१ मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' बाहेर पडलं. विसाव्या शतकातल्या अमेरिकन गाण्यांची कुठलीही यादी काढा, त्यात ते असतंच. म्हणजे एकोपा जपणाऱ्या या चौघांच्या हातातून त्यांचं सर्वांत मोठं गाणं त्याच एकोप्यामुळे गेलं. लीव्हायच्या त्या गळ्यात ते कसं वाटलं असतं, याचा विचार मी कधीकधी झोप येत नसली की करतो. बेन्सन मात्र रागावून बाहेर पडला नाही. पुन्हा येऊन लीव्हायच्या मागे खर्ज धरून उभा राहिला.

दुसरा खडा जास्त टोचतो. फोर टॉप्सच्या मोटाउनच्या रेकॉर्डी नीट ऐका. झिलीत फकीर, पेटन, बेन्सन तर आहेतच. पण त्यांच्या वर एक उजळ, बायकी स्वरांचा थर आहे. चौघांत उंच सूर एकट्या फकीरचा, तो कमी पडतो म्हणून तिथे तीन बायका गायल्या आहेत. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो, लूव्हेन डेम्प्स. अँडांटीज म्हणत त्यांना. कंपनीच्या पगारी झीलकरणी. असंख्य रेकॉर्डींवर त्या आहेत आणि वेष्टनावर कुठेच नाहीत. वाद्यं वाजवणाऱ्या फंक ब्रदर्सची नावं मोटाउनच्या रेकॉर्डवर रीतसर छापली गेली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या त्याच रेकॉर्डवर. लीव्हायनं आपलं नाव पुढे काढू दिलं नाही; पण ज्याच्याकडे नाव असतं त्यालाच ते मागे ठेवता येतं. अँडांटीजना कुणी विचारलंच नव्हतं. गुरुजी साथीला बसले ते आवडीनं की दुसरं काही मिळालं नाही म्हणून, हे आपण त्यांना कधी विचारलं का? मी विचारलं नाही.

मोटाउननंतरची वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यातली सगळीच ऐकण्यासारखी नाहीत. १९७३ मध्ये डनहिल कंपनीसाठी गायलेलं एक गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. मऊ, प्रौढ, घरात राहणाऱ्या नवऱ्याचं गाणं. १९८१ मध्ये आणखी एक चाललं. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीच्या सोहळ्यात टेम्प्टेशन्सबरोबर सवाल-जवाब झाले आणि नव्या पिढीला कळलं की ही माणसं अजून उभी आहेत. इंग्लंडमधल्या बिली ब्रॅग या गायकानं १९८६ मध्ये एका एकट्या पडलेल्या बाईवर गाणं लिहिलं आणि त्याच्या नावात लीव्हायचं नाव घातलं. त्याच वर्षी 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' आला. त्यात एक माणसं खाणारं झाड आहे. ते बोलतं, गातं, खाऊ मागतं. तो आवाज लीव्हायचा. त्यातल्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. ज्यानं जन्मभर एकट्याचा चेहरा पोस्टरवर येऊ दिला नाही त्याला एकट्याला प्रसिद्धी मिळाली ती कुंडीतल्या रबरी झाडाच्या तोंडून! पोट धरून हसला असेल, अशी माझी समजूत आहे.

२१ डिसेंबर १९८८ ला चौघं लंडनहून घरी निघायचे होते. आदल्या रात्री काम लांबलं, उठायला उशीर झाला, विमान चुकलं. ते पॅन ॲमचं १०३ क्रमांकाचं विमान, लॉकर्बीवर फुटलेलं. २७० माणसं गेली. चौघं एकत्र जगले तसे एकत्र संपलेही असते. त्यांच्या आयुष्यात मला सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट ही नाही, पण सांगायला लागते.

१९९० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये चौघं गेले. २० जून १९९७ ला लॉरेन्स पेटन गेला, यकृताच्या कॅन्सरनं. चार सुरांची वीण घालणारा हात गेला. उरलेल्या तिघांनी काय केलं? चौथा आणला नाही. काही दिवस ते तिघंच उभे राहिले आणि नावातला 'फोर' काढून टाकला. नुसते 'टॉप्स'. पुढे पोटापाण्याच्या सोयीनं नवा माणूस घेतला, नाव परत पूर्ण झालं, ते ठीकच. पण मधल्या त्या महिन्यांचा मला फार आदर वाटतो. स्टेजवर तीन माणसं आणि एकाची रिकामी जागा, आणि जाहिरातीत खोटा आकडा नाही.

लीव्हायला आधीच कॅन्सर झाला होता. मग २००० मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचे दौरे थांबले. २००४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑपेरा हाउसमध्ये फोर टॉप्सच्या पन्नास वर्षांचा कार्यक्रम झाला, तिथे त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चित्रफीत उपलब्ध आहे. ज्यांना सोसेल त्यांनी पाहावी. तो आवाज नाही. श्वास पुरत नाही. पण आता त्याच्या मागे फकीर आणि बेन्सन उभे आहेत, आणि तो जिथे थांबतो तिथे गाणं थांबत नाही. दम घ्यायला जागा म्हणतात ती ही. पुढच्याच वर्षी, १ जुलै २००५ ला बेन्सन गेला. १७ ऑक्टोबर २००८ ला डेट्रॉइटमधल्या घरी, झोपेतच, लीव्हाय गेला. वय ७२. एकटा ड्यूक फकीर राहिला आणि नव्या माणसांना घेऊन फोर टॉप्स चालवत राहिला, २०२४ च्या जुलैपर्यंत. वयाच्या ८८ व्या वर्षी तोही गेला.

घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि चिटणीस माझ्याकडे बघताहेत. बोलणं पुरे. लीव्हायचं एक गाणं ऐकवतो, मग चहा. 'बर्नाडेट' नाव आहे, १९६७ सालचं, तीन मिनिटांचं. एका बाईचं नाव घेऊन माणूस गयावया करतोय, एवढा अर्थ पुरे. फक्त एक सूचना. शेवटाकडे एकदम सगळं थांबेल. वाद्यं बंद, मागचे गप्प. ध्वनिक्षेपकवाल्यानं कृपया यंत्राला हात लावू नये, आणि तुम्हीही गाणं संपलं समजून उठू नये. तो अजून आत आहे.